व्ह्यू आहे, पाणी कुठंय?

आज वेल्ह्याकडे जागा बघायला गेलो होतो. मुद्दाम मे महिन्यात, कारण श्रावणात सह्याद्रीतली कुठलीही जागा स्वर्गच दिसते आणि एजंट लोक तेव्हाच फोन करत सुटतात. व्ह्यू एक नंबर, समोर तोरणा, पण मी आधी एजंटला विचारलं पाणी कुठंय.

"बारमाही झरा आहे साहेब."

बरं, दाखवा. झरा होता, खोटं नाही, पण बादली लावली तर २० लिटर भरायला दहा मिनिटं, म्हणजे तासाला १२० लिटर. एका घराला पुरेल हो, पण खालच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन तिथंच येतात, मग त्यांच्या वर जाऊन मी पाईप टाकायचा का?

"मग बोअर मारा की." अरे, इथं खाली सगळा काळा कातळ, पाणी असलं तर भेगांत नाहीतर मुरमात, शेजारच्याला लागलं म्हणून आपल्याला लागेलच असं काही नाही. शिवाय गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही, हे त्याला माहितीच नव्हतं (किंवा होतं!).

खरं काय ते चहावाल्या मावशींनी सांगितलं, होळी झाली की टँकरची वाट बघायची.

आता डोक्यात एकच, १०० चौरस मीटरचं छप्पर आणि २००० मिलिमीटर पाऊस धरला तर जवळजवळ दोन लाख लिटर पडतं. एवढी जमिनीखालची टाकी कोणी बांधलीय का? खर्च किती आला ते सांगा प्लीज.