अर्थिंग आहे, तरीही ठिणगी

ज्वालाग्राही द्रव हाताळणाऱ्या कारखान्यात सुरक्षा तपासणीच्या वेळी स्थिर विद्युतेचा विषय काढला, की जवळपास ठरलेले उत्तर मिळते: “अर्थिंग केलेले आहे.” हे उत्तर सहसा खोटे नसते. टाकीच्या पायाशी विद्युत भार जमिनीत नेणारी पट्टी असते, टँकर रिकामा करण्याच्या जागी क्लॅम्प लोंबत असतो आणि अर्थिंगच्या रोधाच्या वार्षिक मोजणीचा कागदही फायलीत लावलेला असतो. विद्युत विभागात नोकरी केलेला माणूस म्हणून माझी तक्रार एवढीच आहे, की या एका वाक्यानंतर पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही.

ते का विचारायला हवेत, हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात व्हॅली सेंटर या गावी १७ जुलै २००७ रोजी झालेल्या स्फोटावरून समजते. बार्टन सॉल्व्हंट्स या कंपनीच्या आवारात टँकरमधला नॅफ्था हा पेट्रोलियमपासून मिळणारा ज्वालाग्राही द्रव साठवण टाकीत उतरवला जात असताना टाकीच्या आतच स्फोट झाला, टाकी जागेवरून उखडून उडाली, आग शेजारच्या टाक्यांना लागली आणि सुमारे ६,००० लोकांना घरे सोडावी लागली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा टँकर, पंप, पाइपलाइन आणि टाकी हे सगळे एकमेकांना जोडलेले व अर्थ केलेले आढळले. दोष निघाला तो टाकीतल्या पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या सांध्यात. गोळा आणि त्याची पट्टी यांमधली जोडणी सैल होती. द्रव खळबळला की ती क्षणभर सुटायची, तेवढ्या वेळात गोळ्यावर विद्युत भार साठायचा आणि पुन्हा संपर्क येताना ठिणगी पडायची. त्यातच टँकरचे कप्पे बदलताना नळीत हवा शिरत होती, त्यामुळे टाकीत बुडबुडे आणि खळबळ दोन्ही वाढत होते. बाहेरून मोजणाऱ्याला हा दोष दिसण्याचा संभवच नव्हता, कारण मीटर टाकीच्या पत्र्याला लागतो, आत तरंगणाऱ्या गोळ्याला लागत नाही.

या घटनेत नॅफ्थाऐवजी पेट्रोल असते, तर कदाचित काहीच घडले नसते. पेट्रोल इतक्या वेगाने उडते, की बंद टाकीतल्या मोकळ्या जागेत त्याची वाफ बहुधा जळण्याच्या मर्यादेपलीकडे दाट झालेली असते. आपल्याकडच्या औषध आणि रंग कारखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टोल्युइन या विद्रावक द्रवाचे मात्र तसे नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे आणि हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असताना ती पेट घेऊ शकते. तापमान २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असेल, म्हणजे कोकणात वर्षातले बहुतेक दिवस, तेव्हा बंद ड्रममध्ये टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण सुमारे पावणेचार ते सहा टक्क्यांपर्यंत असते. दुसऱ्या शब्दांत, लोटे, महाड किंवा तारापूरच्या गोदामात अर्धवट भरलेला टोल्युइनचा ड्रम कोणी काही न करताही आतून स्फोटक अवस्थेत उभा असतो. ते मिश्रण पेटवायला लागणारी किमान ऊर्जा सुमारे ०.२४ मिलिज्यूल आहे. दाराच्या मुठीला हात लावताना बोटाला जाणवणारा चटका यापेक्षा अधिक ऊर्जेचा असतो.

टोल्युइन, हेक्झेन, झायलीन हे द्रव विजेचे अत्यंत मंद वाहक आहेत. पाइपमधून, आणि विशेषतः बारीक फिल्टरमधून जाताना त्यांच्यावर भार तयार होतो आणि धातूची टाकी उत्तम अर्थ केलेली असली, तरी द्रवाच्या पोटातला भार भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणूनच भरण नळीचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, नळी तळापर्यंत नेऊन वरून धार पडू द्यायची नाही, फिल्टरनंतर द्रवाला किमान ३० सेकंद शांतपणे वाहायला पुरेशी लांबी ठेवायची आणि मोठ्या टाकीत भरणी थांबल्यावर अर्धा तास तरी डिप रॉड, म्हणजे पातळी मोजायची काठी, आत सोडायची नाही, असे नियम आहेत. त्यांतला वेगाचा नियम सर्वाधिक मोडला जातो. टँकरचालकाला पुढच्या खेपेची घाई असते, उत्पादन विभागाला बॅच चढवायची असते आणि पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्यात कोणाला काही गैर वाटत नाही. व्हॉल्व्ह किती उघडायचा याची खूण रंगाने करून ठेवण्यापेक्षा पंपाच्या निर्गम नळीतच योग्य छिद्राची चकती बसवावी, असे माझे मत आहे. रंगाची खूण घाईत कोणी पाहत नाही.

औषध कारखान्यांत ग्लास लाइन्ड रिअॅक्टर, म्हणजे आतून काचेचा थर दिलेले अभिक्रियेचे भांडे, असतो, तिथे गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. बाहेरचे कवच अर्थ केलेले असते, पण द्रव आणि कवच यांच्यामध्ये काचेचा थर असतो, त्यामुळे द्रवातला भार बाहेर निघायला वाट शोधत राहतो. त्यात भांड्याचे वरचे तोंड म्हणजे मॅनहोल उघडून, आत सॉल्व्हंट (विद्रावक द्रव) असताना, प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पिशवीतून पावडर ओतण्याची पद्धत अजूनही आढळते. पिशवी रिकामी होताना अस्तरावर भार साठतो, ती धरणाऱ्या कामगाराच्या अंगावर तो येतो आणि मॅनहोलच्या तोंडाशी वाफ व हवा यांचे नेमके नको असलेले मिश्रण असते. रबरी गमबूट घातलेला कामगार म्हणजे जमिनीपासून पृथक् केलेला चालता-बोलता वाहक. त्याला स्थिर विद्युत वाहून नेणारे बूट देणे आणि त्या बुटांखालची फरशी रंगाच्या जाड थराने झाकली न जाणे, या दोन्ही गोष्टी सोबतच बघाव्या लागतात. त्याहून चांगले म्हणजे पावडर आधी बंद हॉपरमधून (खाली निमुळत्या पेटीतून) घेणे आणि आत हवेऐवजी नायट्रोजन ठेवणे. नायट्रोजनची किंमत सांगून नकार देणारे व्यवस्थापक भेटतात. त्यांच्या हिशेबात आगीचा खर्च कधी धरलेलाच नसतो. नायट्रोजनचा दुसरा धोकाही सांगितलाच पाहिजे: ज्या भांड्यात तो आहे, त्यात डोके घालणाऱ्याला श्वास कोंडल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपते.

पावसाळ्यात स्टॅटिक, म्हणजे स्थिर विद्युत, होत नाही, हवा दमट असते, असेही आत्मविश्वासाने सांगितले जाते. दमटपणामुळे कपडे, पिशव्या, फरशा यांच्या पृष्ठभागावरचा भार काही प्रमाणात ओसरतो, हे खरे आहे. पण पाइपच्या आत वाहणाऱ्या द्रवात तयार होणाऱ्या भाराला बाहेरच्या हवेतल्या बाष्पाशी काही देणेघेणे नाही. उलट कोकणातला पावसाळा आणि खारी हवा अर्थिंगचे नुकसानच करतात. फ्लँजवरच्या, म्हणजे पाइपांच्या बोल्टने जोडलेल्या सांध्यांवरच्या, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, बोल्ट गंजतात, आणि वार्षिक रंगकामात कंत्राटदाराची माणसे क्लॅम्प लावायच्या जागेवरही ऑइल पेंट फासून मोकळी होतात. स्थिर विद्युत वाहून नेण्यापुरते पाहिले तर दहा लाख ओहमचा रोधही तत्त्वतः चालतो, कारण प्रवाह अत्यल्प असतो. तरी धातूच्या सलग मार्गात १० ओहमहून अधिक रोध दिसला, तर कुठेतरी सांधा सुटू लागला आहे असे समजावे आणि पुढच्या मोजणीची वाट न पाहता तो शोधावा. ही मोजणी उन्हाळ्यात उरकण्यापेक्षा पाऊस संपल्यावर लगेच करणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

ज्वालाग्राही वाफेच्या जागी वापरायच्या फ्लेमप्रूफ विद्युत उपकरणांविषयीचा गैरसमज याच जातीचा आहे. फ्लेमप्रूफ पेटीत वाफ शिरत नाही, असे अनेक वायरमन मानतात. प्रत्यक्षात वाफ आत शिरणार हे गृहीतच धरलेले असते. आत स्फोट झाला तरी कवच तो सोसते आणि झाकण व पेटी यांच्यामधल्या अरुंद फटीतून बाहेर पडताना जळते वायू इतके थंड होतात, की बाहेरचे मिश्रण पेटत नाही. सारी मदार त्या फटीवर आहे. आठ बोल्टांच्या झाकणाला पाचच लावले, घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर स्क्रू ड्रायव्हर खुपसून झाकण उचकटले, न वापरलेल्या छिद्राला प्रमाणित प्लगऐवजी लाकडी खुंटी ठोकली किंवा साध्या ग्लँडमधून (केबल आत घेण्याच्या तोटीतून) केबल आत घेतली, तर स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेसाठीच्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेची, म्हणजे ‘पेसो’ची मंजुरी मिळालेली पेटीही केवळ जड लोखंडी डबा उरते. शिवाय उपकरणाचा पृष्ठभाग किती तापू शकतो हे सांगणारा तापमानाचा वर्ग असतो. टी ३ वर्गाच्या उपकरणाचा पृष्ठभाग २०० अंशांपर्यंत तापू शकतो, जे टोल्युइनला चालते. कार्बन डायसल्फाइड हे सॉल्व्हंट मात्र सुमारे १०० अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावरही पेटू शकते, म्हणून तिथे ८५ अंशांची मर्यादा असलेला टी ६ वर्गच लागतो.

धोक्याची क्षेत्रे ठरवण्यासाठी आपल्याकडे आयएस ५५७२ हे मानक आहे आणि त्यानुसार, स्फोटक वाफ किती वेळा व किती वेळ असू शकते हे पाहून, झोन ०, १, २ यांचे नकाशे काढले जातात. नकाशावरची रेषा वाफेला दिसत नाही, हे २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील इंधन डेपोत कळले. व्हॉल्व्हच्या कामात पेट्रोलची गळती सुरू झाली, ती सुमारे सव्वा तास चालली आणि वाफेचा ढग आवारभर पसरला. नेमकी ठिणगी कुठली याचे ठाम उत्तर मिळाले नाही, पण फ्लेमप्रूफ नसलेली विद्युत उपकरणे किंवा सुरू होणारे वाहन या शक्यता चौकशीत पुढे आल्या. त्या दुर्घटनेत ११ जणांचा मृत्यू झाला. अशा मोठ्या गळतीपुढे झोनचा नकाशा अपुराच ठरतो. तिथे गळती लवकर ओळखणारी यंत्रे आणि दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह यांचाच आधार असतो.

रोजच्या कामात मात्र नकाशाच उपयोगी पडतो आणि तोच बहुधा जुना असतो. शेडमध्ये नवा ड्रम भरण्याचा बिंदू येतो, एका सॉल्व्हंटच्या जागी स्वस्त पडणारे दुसरे येते, खरेदी विभाग दर पाहतो, प्रयोगशाळा शुद्धता पाहते, आणि वरच्या दिव्याचा गट (तो कोणत्या वायू-वाफांसाठी योग्य आहे ते) व तापमान वर्ग या नव्या द्रवाला चालतो का, हे विचारायला कोणी येत नाही. नव्या सॉल्व्हंटच्या मंजुरीच्या अर्जावर विद्युत विभागाच्या सहीचा रकाना असावा, ही मागणी मी जिथे जिथे केली तिथे सुरुवातीला ती कामात अडथळा म्हणून पाहिली गेली. एका ठिकाणी तो रकाना छापला गेला, आणि त्यानंतर आलेल्या पहिल्याच अर्जावर गोदामातले दिवे बदलल्याशिवाय द्रव उतरवू नये, असा शेरा लिहावा लागला.