फुटका भाता

दुपारी तीनची वेळ, लू सुटलेली, आणि ग्वाल्हेरच्या चिटणीसांच्या गोठ या वस्तीत भंगारवाल्याच्या ठेल्यावर वाजवायची पेटी. कूलरच्या गंजक्या पत्र्यांत उताणी पडलेली. भाता एका कडेने उसवलेला, दोन पट्ट्या गायब. मी उगाच तिचा भाता दाबून पाहिला. नुसता श्वास आला, सूर नाही.

"लेना है क्या, आंटी?"

"नहीं भैया, देख रही हूँ."

पॉल थॉमस अँडरसनच्या २००२ सालच्या 'पंच-ड्रंक लव्ह'मध्ये अशीच एक पेटी आहे. भल्या पहाटे निर्मनुष्य रस्ता, एक गाडी येते, पेटी उतरवून ठेवते आणि निघून जाते. का, ते सिनेमा सांगत नाही. निळ्या सुटातला नायक बॅरी, म्हणजे अ‍ॅडम सँडलर, ती उचलून ऑफिसात नेतो, चिकटपट्टी लावून भाता बुजवतो. मी बघता बघता मोठ्याने म्हणाले होते, "अगं बाई, हा तर आपला बाळूमामा!"

मामाची पेटीही अशीच फुटकी. भात्याला औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी, खोलीभर तिचा वास. ग्वाल्हेर पडलं ख्यालाचं गाव. पेटीसाठी गाजलेले भैया गणपतराव इथलेच, तरी आमच्या आजोबांच्या लेखी पेटी म्हणजे साथीपुरती. मामा म्हणायचा, "रेडिओने १९४० साली बंदी घालून हिला घराबाहेर काढलं, तरी मेली नाही बघ."

सिनेमातल्या बॅरीला सात बहिणी. मामाला पाच, त्यातली एक माझी आई. लहानपणी चिडवलं म्हणून बॅरीने हातोडा फेकून काच फोडली होती, ती गोष्ट त्या साताजणी पार्टीत खिदळत सांगतात. तो कसंनुसं हसतो. थोड्याच वेळात घरातली काचेची दारं खळ्ळकन फुटतात. मग दातांचा डॉक्टर असलेल्या मेव्हण्याला बाजूला घेऊन तो सांगतो, मला अधूनमधून उगाच रडू येतं. दातांच्या डॉक्टरला! तिथे मी हसले, आणि लगेच थांबले.

मामाचा बत्ता होता. वय बारा. बहिणी 'बाळीबाई, बाळीबाई' म्हणून नाचल्या, याने खलातला बत्ता उचलून कपाटाच्या आरशावर मारला. दर भाऊबीजेला तो पाटावर बसला, कपाळाला कुंकू लागलं, की पाचापैकी एक सुरू करायची, "ए, आरसा आठवतो का?" ओवाळणीचं पाकीट पुढे करत तो मान खाली घालून हसायचा. रात्री वरच्या खोलीतून पेटी ऐकू यायची. गाणं नाही, एकच सा, बराच वेळ. माझे बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर. मामाने त्यांना कधी बाजूला घेतलं असेल का, कोण जाणे.

बॅरीचा फोटो पाहून सिनेमाची नायिका लीना मुद्दाम त्याच्या ऑफिसाशेजारी गाडी दुरुस्तीला घेऊन येते. पुढे तो तिच्यामागे थेट हवाईला जातो. मामाकडे असं गाडी घेऊन कुणी आलं नाही. गोठातल्या त्या गल्लीत गाडी वळलीही नसती म्हणा.

ठेला जिन्सीच्या दिशेने गेला. मी भाव विचारला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. "मामाची पेटी कुठे गेली गं शेवटी?"

"कसली पेटी?"

"बाळूमामाची."

"काय माहीत बाई. पण त्याने आरसा कसा फोडला होता, सांगितलंय ना मी तुला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

मीही हसले.