९०० मीटरवरचा उभा पसारा : पाणी नेकमध्ये मुरत होतं

काडतुसं मी स्वतःच भरतो, आणि गेले तीन महिने एकाच गोष्टीच्या मागे लागलोय. रायफल ६.५ क्रीडमूर (हा काडतुसाचा प्रकार), १४० ग्रेनची (साधारण ९ ग्रॅम) बुलेट, १०० मीटरवर पाच गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, आणि तोच लोड (पावडर, प्रायमर, बुलेटची जुळणी) ९०० मीटरवर नेला की ग्रुप (भोकांचा पसारा) आडवा ठीक पण उभा चाळीस सेंटीमीटर! वारा असता तर आडवं पसरलं असतं, उभं पसरतंय म्हणजे वेगात गडबड आहे हे तर उघडच होतं.

ज्यांना वाटतं १०० मीटरवर चांगलं म्हणजे लोड चांगला, त्यांच्यासाठी हिशोब देतो. साधारण ८२५ मीटर प्रति सेकंद वेग धरला आणि दोन गोळ्यांमध्ये १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असला, तर १०० मीटरवर तो दोन मिलिमीटरसुद्धा दिसत नाही, ९०० वर तोच वीसेक सेंटीमीटर होतो. माझा वीस गोळ्यांचा एसडी (वेगाचं प्रमाण विचलन, मीटर प्रति सेकंदात) ५ च्या आसपास येत होता, सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान गोळीत १९ चा फरक. आधी पाच-पाच गोळ्यांवर एसडी काढत होतो तेव्हा कधी २ यायचा कधी ६, त्या आकड्यांवर विश्वास ठेवून बराच वेळ घालवला. पाच गोळ्यांचा एसडी धरूच नका, वीस तरी झाडा.

पहिला संशय अर्थातच पावडरवर. तराजू बदलला, दाणा-दाणा मोजायला लागलो (लांबट दाण्याच्या पावडरीचा एक दाणा साधारण ०.०२ ग्रेन भरतो), फरक जवळजवळ शून्य. प्रायमरचा (पावडर पेटवणाऱ्या टोपीचा) लॉट बदलून पाहिला, तिथेही काही नाही. चार्ज (पावडरचं प्रमाण) मात्र मॅन्युअलच्या मर्यादेत होता तिथून हलवला नाही आणि बुलेट बसवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) टॉर्च मारून पावडरची पातळी बघायची सवय कितीही कंटाळा आला तरी सोडली नाही, ती सोडायचीच नसते.

मग एका रात्री आर्बर प्रेसवर (हाताने दाबायच्या छोट्या प्रेसवर) बुलेट बसवताना हाताला कळलं. एक सुळकन आत जाते, पुढची मध्येच अडते आणि मग खरवडत खाली जाते, हँडलवर स्पष्ट जाणवतं. केस उलटून बघितल्या तर लक्षात आलं की चार वेळा झाडलेल्या आणि सात वेळा झाडलेल्या केसेस मीच एका डब्यात मिसळल्या होत्या. पितळ दर वेळी फुगतं, साइझिंगला, म्हणजे मूळ मापावर आणायला, डायमध्ये (साच्यात) दाबलं जातं आणि कडक होत जातं, कडक झालं की साइझिंगनंतर परत थोडं उघडतं, त्यामुळे डाय तीच असली तरी नेकची (केसच्या बुलेट धरणाऱ्या तोंडाची) पकड प्रत्येक केसला वेगळी. वर मी स्टीलच्या पिनांनी धुवून आतला कार्बन पार काढून टाकला होता, कोरड्या चकचकीत पितळेवर बुलेट अडणारच.

आता केलंय ते असं: केसेस फायरिंगप्रमाणे वेगळ्या डब्यात, दर वेळी अ‍ॅनिलिंग, म्हणजे पितळ तापवून नरम करणं, तेही फक्त नेक आणि शोल्डर (नेकखालचा उतार), खालचा भाग गरम होता कामा नये कारण तो नरम पडला तर प्रेशर पेलणार नाही आणि ते थेट तुमच्या चेहऱ्याशी आहे. मग साइझिंग, शेवटी मॅन्ड्रेल (नेक आतून ठरलेल्या मापाला उघडणारी दांडी), म्हणजे पकड (नेक बुलेटपेक्षा किती अरुंद ते) ०.०५ मिलिमीटरच्या आसपास सारखी. नेकमध्ये आतून कोरडं ग्रॅफाइट.

परवा वीस गोळ्या झाडल्या. एसडी २.८, टोकाचा फरक ११. ९०० वर उभा ग्रुप २४ सेंटीमीटर. पावडर तीच, चार्ज तोच, बुलेट तीच! टार्गेटजवळ उभा राहून दोनदा टेप लावली.

पुढच्या खेपेला याच केसेस आणखी एकदा अ‍ॅनिलिंग न करता झाडून बघणार आहे, एसडी किती चढतो ते नोंदवायचंय. तोपर्यंत सीटिंग डेप्थला (बुलेट किती खोल बसवायची त्याला) हात लावणार नाही.