मामाचे जुने कॅमेरे क्लाऊडवर नेले, पण सगळं नाही

गोव्यात सावईवेऱ्याला मामाच्या घरी कॅमेरे आधीपासून आहेत. घराभोवती चार जुने, कोॲक्स वायरवाले (केबल टीव्हीला असते तशी जाड वायर), हॉलमधल्या डीव्हीआरला म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला जोडलेले, आणि नंतर कधीतरी लावलेले दोन आयपी कॅमेरे, म्हणजे कॉम्प्युटरसारखे नेटवर्कला जोडायचे, एक गेटवर आणि एक खाली कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पंपाच्या खोलीवर. चित्र चांगलं येतं, रात्रीचंसुद्धा. अडचण एकच, ते चित्र मामाच्या टीव्हीच्या बाहेर जात नाही. मुलगा पुण्यात, मुलगी मस्कतला, आणि मामा-मामी लग्नाकार्याला दोन दिवस कुठे गेले की घर आणि खळ्यात वाळत घातलेली सुपारी दोन्ही देवाच्या भरवशावर. डीव्हीआरबरोबर आलेलं ॲप आहे म्हणा, पण ते मनात आलं तर चालतं, आणि चाललं तरी आपलं चित्र कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून फिरून येतंय ते कोणाला माहीत.

कॅमेरे लावणाऱ्याला विचारलं तर त्याने सरळ सगळे काढून नवीन वायफाय कॅमेरे लावायचं कोटेशन दिलं, वर प्रत्येक कॅमेऱ्याला दर महिन्याचं सबस्क्रिप्शन वेगळं. मामा म्हणाला, "अरे, चालता बैल विकून नवीन कशाला घ्यायचा?" आणि मला कामाला लावलं.

तर कॅमेरे तसेच ठेवून मध्ये एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा, त्यालाच गेटवे म्हणतात. तो घरातल्या नेटवर्कवर कॅमेऱ्यांकडून चित्र घेतो, त्यातलं काय ठेवायचं काय वर पाठवायचं ते ठरवतो, आणि क्लाऊडशी फक्त तोच बोलतो. कॅमेऱ्यांना इंटरनेट म्हणजे काय ते कळतसुद्धा नाही. हे जमतं कारण बहुतेक डीव्हीआर आणि कॅमेरे आरटीएसपी बोलतात, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ मागवायचा १९९८ पासूनचा प्रोटोकॉल, साधारणपणे पोर्ट ५५४ वर. आणि ॲक्सिस, बॉश, सोनी यांनी २००८ मध्ये मिळून ऑनव्हिफ हे कॅमेऱ्यांसाठीचं समान मानक सुरू केलं, त्यामुळे आज वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एका सॉफ्टवेअरला ओळखता येतात. कोॲक्सवाल्या कॅमेऱ्याला स्वतःला यातलं काहीच येत नाही, पण त्याचा डीव्हीआर प्रत्येक चॅनेलचं वेगळं आरटीएसपी देतो, म्हणजे भिंतीतली एकही वायर हलवायला लागत नाही. आधी लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तो आरटीएसपीचा पत्ता टाकून बघायचा, तिथे चित्र आलं तर गेटवेतही बहुधा येतं. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफसाठी वेगळा युजर बनवावा लागतो, तो नाही बनवला तर पासवर्ड बरोबर असून आत घेत नाही आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

मी साधा, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला, दोन लॅन पोर्टवाला. रास्पबेरी पायवर पण होतं, पण एसडी कार्डावर चोवीस तास रेकॉर्डिंग लिहीत राहिलं की कार्ड लवकर मरतं, एसएसडी किंवा हार्ड डिस्कच पाहिजे. दोन पोर्ट कशाला, तर एकाला डीव्हीआर आणि आयपी कॅमेऱ्यांचा स्विच, दुसऱ्याला राउटर, आणि एकातून दुसऱ्यात थेट काही जाऊ द्यायचं नाही. वर कॅमेरे रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर म्हणून फ्रिगेट, फुकट आणि ओपन सोर्स.

इथे एक गोष्ट जोरात सांगतो. यूट्यूबवर अजून लोक शिकवतात की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरच्यांना आत यायला दार उघडा, आणि डीव्हीआर बाहेरून उघडा. नका करू. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस आला होता, त्याने कंपनीने दिलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यातलीच फौज लावून २१ ऑक्टोबरला डिन या वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट बरंच काही बंद पडलं होतं. म्हणजे कोणाच्या तरी दुकानातला डीव्हीआर त्यात सामील होता आणि त्या दुकानदाराला पत्ता नव्हता! शिवाय आता बऱ्याच कनेक्शनांना स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, राउटरमध्ये १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला, आणि पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून कोणी येऊ शकणार नाही. गेटवेला याचं काही वाटत नाही कारण कनेक्शन तो आतून बाहेर करतो. लाइव्ह बघायला मी वायरगार्डवर चालणारं टेलस्केल हे व्हीपीएन, म्हणजे आपल्याच उपकरणांमधला खाजगी बंद रस्ता, टाकलं, पुण्याच्या भावाच्या आणि मस्कतच्या बहिणीच्या फोनवर पण, राउटरला हात लावला नाही.

आता हिशोब. मला सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला की सगळं रेकॉर्डिंगच क्लाऊडवर का नाही टाकत. एका कॅमेऱ्याची २ एमबीपीएसची स्ट्रीम धरा, दिवसाला २१.६ जीबी होतात. सहा कॅमेरे म्हणजे जवळपास १३० जीबी रोज, महिन्याला ३.९ टीबी. बऱ्याच 'अनलिमिटेड' फायबर प्लॅनच्या बारीक अक्षरात ३.३ टीबीची मर्यादा असते, म्हणजे महिना संपायच्या आत स्पीड गळाठणार आणि मामीची सिरियल अडकणार, मग कॅमेरे राहतील पण मी त्या घरात जेवायला जाऊ शकणार नाही. आणि एवढं करून त्यात असणार काय, वाऱ्यावर डुलणाऱ्या पोफळी. म्हणून चोवीस तासांचं रेकॉर्डिंग घरातच, हार्ड डिस्कवर, आणि वर जातात फक्त क्लिपा.

क्लिप कधी बनवायची हे ठरवणं हेच खरं काम आहे, बाकी सगळं वायरिंग. साध्या मोशन डिटेक्शनवर कुळागरात विसंबायचं म्हणजे वेड लागायचं काम. झाप हलला मोशन, पाऊस पडला मोशन, रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याच्या उबेला कोळी येऊन काचेसमोरच जाळं विणतो, त्यावर किडे, किड्यांवर पाल, आणि सगळे पांढरेशुभ्र चमकतात. त्यामुळे गेटवेवर माणूस ओळखणारं मॉडेल लावलं. ते कॅमेऱ्याच्या सबस्ट्रीमवर, म्हणजे त्याच चित्राच्या कमी दर्जाच्या छोट्या स्ट्रीमवर, सेकंदाला पाच फ्रेम तपासतं, आणि माणूस दिसला की मोठ्या स्ट्रीममधून क्लिप कापून घेतं. एन१०० च्या आत इंटेलचं ग्राफिक्स आहे, त्यावर मॉडेल चालवणारं इंटेलचं ओपनव्हिनो सॉफ्टवेअर लावलं की तेवढ्यावर सहा कॅमेरे आरामात चालतात.

गंमत अशी की हे मॉडेल कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं, त्यात ८० प्रकारच्या वस्तू आणि प्राणी. जिराफ आहे, झेब्रा आहे, हत्ती आहे, टेडी बेअरसुद्धा आहे. माकड नाही! आणि मामाचा खरा शत्रू चोर नव्हे, माकडं. आडसरं म्हणजे कोवळे नारळ पाडून टाकतात, केळी खातात आणि वर बसून बघतात. आमच्या गेटवेने पहिल्यांदा माकड पाहिलं तेव्हा त्याला मांजर म्हणाला, नंतर एका मोठ्या हुप्प्याला माणूस. आणि पहाटे पंपाच्या खोलीजवळ गवा आला तर मामाच्या फोनवर मेसेज "गाय दिसली". मामा म्हणाला, "ही गाय धरायला तुझ्या कॉम्प्युटरलाच पाठव." शेवटी मी मांजर, कुत्रा, गाय यांचे मेसेज फक्त पंपावरच्या कॅमेऱ्याला चालू ठेवले, आणि मामा फोटो बघून स्वतः ठरवतो काय आहे ते. जमतं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी कोणी सांगत नाही. डीव्हीआरमध्ये एच.२६४ प्लस किंवा स्मार्ट कोडेक असं काही चालू असेल तर बंद करा, ते जागा वाचवायला पूर्ण चित्राची फ्रेम फार उशिराने पाठवतं, त्यामुळे क्लिप माणूस गेटच्या आत पोचल्यावर सुरू होते आणि त्याची पाठ तेवढी दिसते. आय-फ्रेमचं, म्हणजे या पूर्ण फ्रेमचं, अंतर फ्रेम रेटइतकंच ठेवायचं, म्हणजे दर सेकंदाला एक पूर्ण फ्रेम. दुसरं घड्याळ. डीव्हीआरचं इंटरनेट तोडलं की त्याला वेळ सांगणारं कोणी राहत नाही, आणि ही घड्याळं हळूहळू सरकतात. मी गेटवेवरच क्रोनी हे घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाकून त्याला घरचा टाइम सर्व्हर केला, डीव्हीआर आणि कॅमेरे त्याच्याकडून वेळ घेतात. चोरी झाली आणि पोलिसांना क्लिप दिली तर त्यावरची वेळ चुकलेली असणं म्हणजे वकिलाच्या हातात आयतं कोलीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतसुद्धा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायची असते, म्हणून प्रत्येक क्लिप वर जाताना तिचा एसएचए-२५६ हॅश पण एका फाइलीत लिहून ठेवतो, दोन ओळींची स्क्रिप्ट आहे.

मामीचा आक्षेप वेगळाच होता आणि मला तो सगळ्यात पटला. मागच्या दाराचा कॅमेरा विहीर आणि न्हाणीकडे बघतो, तिथे ती कपडे धुते, शेजारच्या बायका येऊन बसतात. "हे सगळं मस्कतला कशाला दिसायला हवं?" बरोबर आहे. नवीन वायफाय कॅमेरे घेतले असते तर त्या कॅमेऱ्याचंही सगळं कंपनीच्या सर्व्हरवर गेलं असतं. इथे मी त्या एका चॅनेलचं अपलोड बंद केलं, लाइव्हमधूनही काढला, रेकॉर्डिंग फक्त घरातल्या डिस्कवर, तेही न्हाणीच्या बाजूवर काळा पट्टा टाकून. पट्टा डीव्हीआरमध्येच टाकायचा, म्हणजे चित्र झाकूनच बाहेर पडतं. गेटच्या कॅमेऱ्यात समोरच्यांचं दार येत होतं, तेही झाकलं. हे न विचारता करावं, शेजाऱ्याने येऊन सांगायची वाट बघू नये.

क्लाऊड म्हणजे मी ॲमेझॉनच्या एस३ सारखं साधं स्टोरेज घेतलं, मुंबईत डेटा सेंटर असलेलं. आरक्लोन या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने क्लिपा आधी गेटवेवर कुलूपबंद होतात, म्हणजे एन्क्रिप्ट, मग वर जातात, आणि ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. गेटवेला दिलेल्या चावीला फक्त टाकायची परवानगी आहे, पुसायची नाही. चोराने उद्या डीव्हीआर आणि मिनी पीसी दोन्ही उचलून नेले (हुशार चोर तेच करतो) तरी तो येतानाची क्लिप वरून काढू शकत नाही. कुलपाची चावी मात्र एका कागदावर मामाच्या कपाटात आणि एक पुण्यात, ती गेली तर वरचं सगळं कचरा.

पावसात नेट जातंच, फायबर झाडांवरून आलेली, एक फांदी पडली की गेली. तेव्हा क्लिपा रांगेत थांबतात आणि नेट आलं की जातात, फक्त गेटच्या कॅमेऱ्याचा एक बारीक फोटो ४जी डोंगलवरून लगेच जातो. लाइट गेली तर राउटर, स्विच, गेटवे, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा सप्लाय सगळं एकाच यूपीएसवर पाहिजे, कॅमेरे बंद आणि गेटवे चालू असला तर त्याला काय दिसणार. आकाशातल्या विजेच्या भीतीने पंपाच्या खोलीपर्यंतची लांब लॅन केबल काढून तिथे फायबर आणि दोन टोकांना लॅन आणि फायबर जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावले, काचेतून वीज घरात येत नाही, तांब्यातून येते. कोॲक्स वायरच्या टोकांचे बाहेरचे बीएनसी जोड दमट हवेने हिरवे पडले होते ते कापून नवीन लावले आणि टेपने गच्च बांधले, त्यातल्या एका चॅनेलवरच्या रेघा तेवढ्यानेच गेल्या.

आता गेटचा कॅमेरा तेवढा बदलायचाय, काच आतून धुरकट झालीय. नवीन घेताना ऑनव्हिफ प्रोफाइल टी (नव्या कॅमेऱ्यांसाठीची ऑनव्हिफची आवृत्ती) आहे का बघणार, आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचं सर्टिफिकेट, कारण एप्रिल २०२५ पासून नवीन सीसीटीव्हींना सुरक्षेची ती तपासणी सक्तीची आहे. दुकानदार आधी ॲप दाखवेल, आपण आरटीएसपी चालू करता येतं का तेवढं विचारायचं.