वही आहे का?

“तुम्ही तिकडे राहता, तर ब्रिटनमधल्या पर्यावरणावर चांगलं कोण लिहितं ते सांगा ना.” वर्षातून चार-पाचदा तरी हा प्रश्न येतो. भाचीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी हवं असतं, सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांना नुसतं कुतूहल असतं, आणि इथल्या मंडळात भेटणाऱ्यांना पोरांच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून काहीतरी द्यायचं असतं. मी रेडिंगला राहते, पेशाने हिशेबनीस. पर्यावरणाचं शिक्षण शून्य. पण पंधरा वर्षं वाचते आहे आणि तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

नावांची यादी दोन वर्षांत शिळी होते. मी आपलं एवढंच बघते, की लिहिणाऱ्याकडे वही आहे का? म्हणजे कुठल्या तरी एका जागेची, तारखेवार, बरीच वर्षं लिहिलेली. ती असेल तर माणूस कंटाळवाणं लिहीत असला तरी मी वाचते. नसेल, तर भाषा कितीही सुंदर असो, दुसऱ्या पानावर माझा चहा गार होतो.

ही सवय इथली जुनी आहे. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर हॅम्पशरमध्ये सेलबोर्न नावाचं खेडं आहे. तिथला पाद्री गिल्बर्ट व्हाइट. त्याचं पुस्तक १७८९ साली निघालं. पुस्तक कसलं, दोन मित्रांना लिहिलेली पत्रंच. दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन जातींचे वटवटे पक्षी त्याने निव्वळ आवाजावरून वेगळे ओळखले. १७८३च्या उन्हाळ्याबद्दल तो सांगतो, की २३ जून ते २० जुलै हवेत चमत्कारिक धुरकं होतं, भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका दिसे आणि घरातल्या फरशीवर गंजाच्या रंगाचा उजेड पडे. वारा सगळ्या दिशांनी वाहून गेला, तरी हवा बदलली नाही. आइसलंडमध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला होता, त्याचं हे धुरकं. व्हाइटला कारण ठाऊक नव्हतं, पण तारखा होत्या, म्हणून आज त्याचं लिहिणं शास्त्रज्ञांच्या कामी येतं. (हाच गृहस्थ पाकोळ्या हिवाळ्यात दूरदेशी न जाता कुठेतरी बिळात झोपून राहत असतील, ही शंका शेवटपर्यंत सोडायला तयार नव्हता. वहीवाली माणसंही चुकतात. पण चूक कुठे झाली ते त्यांच्या वहीत सापडतं.)

त्याच काळात नॉर्फकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचे जमीनदार १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहून ठेवत होते. ओकला पालवी कधी फुटली, पहिली पाकोळी कधी दिसली, कोकीळ कधी बोलला. त्यांच्यामागे घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं. आपल्याकडे एखाद्या घराण्याकडे गणपतीचा मान असतो ना, तसं.

आता माझ्या स्वयंपाकघरातलं ऐका. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथे घरोघरी पक्षी मोजतात. १८८९ पासूनची पक्षीसंरक्षण संस्था आहे, आरएसपीबी. तिने १९७९ साली मुलांसाठी हे सुरू केलं, आता लाखो लोक मोजतात. नियम सोपा आहे. एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तेवढेच लिहायचे. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आई एकदा नेमकी जानेवारीत आली होती. अंगावर दोन स्वेटर घालून ती खिडकीशी बसली. आधी चार चिमण्या आल्या, उडाल्या, मग तीन आल्या. आईने सात लिहिल्या. मी खोडून चार केल्या.

“अगं, चार नि तीन सात होतात. हिशेबनीस कसली तू?”

“आई, त्याच परत आल्या असतील तर?”

आईने क्षणभर विचार केला. “मग कुंकू लाव एकेकीला, म्हणजे ओळखू येतील.”

चारच पाठवल्या. आई दिवसभर फुरंगटून होती, आपल्या तीन चिमण्या सरकारने खाल्ल्यासारखी.

या मोजणीत चिमणी गेली कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. आणि तीच चिमणी २००२ पासून इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीतही आहे. दोन्ही खरं. १९७९ साली बागेमागे सरासरी दहा चिमण्या दिसत, आता चारच्या आसपास. बाकीचे पक्षीही घटले किंवा मुळात कमीच होते, म्हणून चारवालीचा नंबर पहिला. “चिमणी नंबर वन” एवढंच लिहून थांबणारा आणि “चिमण्या संपल्या हो” म्हणून ऊर बडवणारा, दोघांनाही मी परत वाचायला जात नाही.

खरी कसोटी मैलापाण्यावर लागते. इथल्या जुन्या शहरांत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं. पाऊस जोराचा झाला की मैलाशुद्धीकरण केंद्राला ते झेपत नाही. मग घराघरांत उलटू नये म्हणून ते नदीत किंवा समुद्रात सोडायला सांडवे ठेवलेले आहेत. एकट्या इंग्लंडमध्ये असे चौदा हजारांवर. २०२३ साली त्यांतून मिळून ३६ लाख तास मैलापाणी वाहिलं, आदल्या वर्षीच्या दुप्पट. मथळे तुम्ही कल्पू शकता. पण चांगला लिहिणारा इथे तीन गोष्टी सांगतो. एक, २०२३ भरपूर पावसाचं होतं आणि २०२२ कोरडं. दोन, सगळ्या सांडव्यांवर मीटर बसायलाच २०२३ संपत आलं. तीन, हे तास आहेत, लिटर नव्हेत. तासभर करंगळीएवढी धार वाहिली काय नि तासभर लोंढा गेला काय, वहीत एक तासच. हे सगळं सांगूनही तो १९८९ साली खासगी झालेल्या पाणी कंपन्यांना सोडत नाही, उलट अधिक घट्ट धरतो. मैलापाण्यावर आरडाओरडा करणारे पुष्कळ आहेत, हा तिसरा मुद्दा सांगणारे थोडे. ते शोधा.

ऊर्जेबद्दल विचाराल, तर मी अजूनही डेव्हिड मॅके यांच्याकडे पाठवते. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ, २०१६ साली गेले. गाडी, हीटर, पवनचक्की, विमान, सगळ्याचा हिशेब त्यांनी ‘माणशी दिवसाला किती युनिट’ या एकाच मापात मांडला. आपल्या लाइटबिलावर असतं तेच युनिट. दिवसभर मोबाइलचा चार्जर काढून ठेवला की जेवढी ऊर्जा वाचते, तेवढी गाडी एका सेकंदात जाळते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या दिवसापासून नवऱ्याने चार्जरवरून बोलणं थांबवलं. त्यांचं पुस्तक नेटवर फुकट आहे. आकडे जुने झालेत, रीत झालेली नाही.

कोळशाचं थोडक्यात. ३० सप्टेंबर २०२४ला रॅटक्लिफचं, म्हणजे ब्रिटनमधलं शेवटचं, कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, ही मोठीच गोष्ट. पण यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्रात बव्हंशी अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळतात, आणि त्या धुरातला कार्बन ब्रिटनच्या विजेच्या हिशेबात शून्य धरला जातो, कारण नियमाप्रमाणे त्याची नोंद झाड तोडलं तिथल्या जमिनीच्या खात्यात व्हायची असते. असं खातं आमच्या ऑफिसात कोणी आणलं, तर मी आधी चष्मा पुसेन.

कुठून सुरुवात करू, असं मास्तरांनी विचारलं होतं. त्यांना मी ‘गार्डियन’ दैनिकातली ‘कंट्री डायरी’ सांगितली. शंभराहून जास्त वर्षं चालू असलेला छोटासा रोजचा मजकूर. कधी दलदलीतला एक पक्षी, कधी नुसतं शेवाळ. भाचीला वेल्स-इंग्लंडमधून वाहणाऱ्या वाय नदीचा विषय दिला. त्या खोऱ्यात दोन कोटींच्या आसपास कोंबड्या पाळतात, त्यांच्या खतातला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत उतरतो, आणि काठावरची साधी माणसं बाटल्या घेऊन दर आठवड्याला पाणी तपासतात. तिचा प्रकल्प निघाला. पोरांसाठी मात्र वाचायला काही देऊ नका. खिडकी द्या, पेन्सिल द्या.

आई आता येत नाही, गुडघे धरलेत. पण जानेवारी संपताना फोन येतोच, “किती भरल्यास?” गेल्या खेपेला चिमणीचा रकाना रिकामा गेला. शेजाऱ्यांनी कुंपणावरची आयव्हीची वेल मुळापासून काढून तिथे लाकडी फळ्या ठोकल्या आहेत. वेलीत त्या रात्री बसायच्या. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “फळी कुठल्या महिन्यात ठोकली, ते लिहून ठेवलंस का?”

ठेवलं नव्हतं.