व्हिपल बरं की लिव्हरचं?

अण्णांच्या ऑपरेशननंतर परभणीत कुणाच्या घरी पित्तनळीच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला की फोन मला येतो. मी बँकेत कारकून आहे, डॉक्टर नाही. प्रश्न मात्र ठरलेला: "भाऊ, व्हिपल बरं की लिव्हरचं ऑपरेशन बरं?" तुम्हीही तेच विचारलंत. व्हिपल म्हणजे नळीच्या खालच्या टोकाचं, स्वादुपिंडाजवळचं ऑपरेशन.

हे आपण निवडायचं नसतं. गाठ कुठं आहे त्यावर ते ठरतं. सर्जननी केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं, पण मला उमगलं ते आपल्या नद्यांवरून. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. तसेच लिव्हरमधले पित्ताचे बारीक ओहोळ मिळून उजवी नि डावी नळी होते, त्या दोघी लिव्हरच्या तोंडाशी एक होतात आणि ती एकच नळी पुढं स्वादुपिंडातून आतड्यात उतरते.

गाठ लिव्हरच्या आत असेल तर लिव्हरचा तेवढा भाग काढतात. संगमावर असेल तर सगळ्यात अवघड. नळी काढायची, सोबत अर्धं किंवा त्याहून जास्त लिव्हर, आणि उरलेल्या नळ्या आतड्याला जोडायच्या. मागं उरलेलं लिव्हर पुरेल का, ही खरी काळजी. जिंतूरच्या एका मावशींचं ते कमी पडत होतं. म्हणून काढायच्या बाजूची रक्तवाहिनी आधी बंद केली आणि दुसरी बाजू वाढायला महिनाभर वाट पाहिली. घरचे म्हणत होते, डॉक्टर टाळाटाळ करायलेत. तसं अजिबात नव्हतं.

अण्णांची गाठ अगदी खालच्या टोकाला, म्हणून व्हिपल. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि नळीचा खालचा भाग, सगळं एकत्र निघतं. मग आतड्याला तीन जोड: स्वादुपिंडाचा, पित्तनळीचा, जठराचा. भीती असते ती स्वादुपिंडाच्या जोडाची, तो गळू शकतो. पोटातलं पाणी बाहेर यायला लावलेल्या नळीच्या पिशवीत मी रोज सकाळी बघायचो. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, किती आहे ते तपासलं, गळती नव्हती. अण्णांनी एवढंच विचारलं, "भाकर कवा देणार?" ती लवकर मिळत नाही. व्हिपलनंतर जठर बरेच दिवस सुस्त राहू शकतं.

दोन्ही ऑपरेशनं जिवावरचीच आहेत, लहान एकही नाही. दुर्बिणीनं केलं तरी आतलं काम तेवढंच. आणि संगमावरची लहान गाठ काढता येत नसेल, बाहेर पसरलेली नसेल, तर काही मोजक्या पेशंटना किमो-रेडिएशन देऊन लिव्हर बदलतात. त्याची आशा सरसकट धरू नका.

आमच्याकडून जे चुकलं ते सांगतो. अण्णांचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौच पांढुरकं, आणि खाज इतकी की रात्री उठून उंबऱ्याला पाठ घासायचे. आम्ही तीन आठवडे काविळीचा पाला देत बसलो. मग एका दवाखान्यात एमआरआय न करताच स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, टाकला. कावीळ उतरली, पण थंडी वाजून ताप भरला आणि ऑपरेशन लांबलं. मुंबईच्या डॉक्टरांना पुढच्या स्कॅनमध्ये गाठ कुठवर गेलीय ते नीट दिसेना, कारण स्टेंटमुळं नळी सुजली होती. कधी स्टेंट लगेच लागतोच, हे मान्य. पण जीव धोक्यात नसेल तर स्कॅन आधी झाला पाहिजे.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये कापलेल्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का आणि आसपासच्या किती लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड) तो सापडला, एवढं विचाराच. अण्णांच्या कडा मोकळ्या होत्या. तरी सहा महिने कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या दिल्या. आता ते जेवणासोबत पाचक कॅप्सूल घेतात आणि ज्वारीची अर्धी भाकर दुधात कुस्करून खातात.

देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघाल तेव्हा स्टेंटच्या आधीचा स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी घ्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, सर्जनला चित्रं बघायची असतात. आणि एकच विचारा: असली ऑपरेशनं तुमच्याकडं वर्षाला किती होतात?