आमची वाटचाल : ‘उकडलेल्या’ भुईमुगाचा खरीप

आमचं बियाण्याचं काम साताऱ्याकडचं. शेंगा फोडणं, निवडणं, पोती शिवणं. पहिल्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते त्या खरिपाचं.

उन्हाळी निमपसऱ्या (अर्धवट पसरत वाढणाऱ्या) भुईमुगाचा लॉट. काढणी मेअखेर, गिऱ्हाईक मृगावर डोळा लावून. आमचा जर्मिनेटर (उगवण तपासायची पेटी) जुना, काचेला तडा, पण 25 अंशांवरून हलत नाही. त्यात दाणे ठेवलेली ओल्या कागदाची गुंडाळी दहाव्या दिवशी उघडली तर निम्मे दाणेही उगवले नव्हते. नियमाने उगवण 70 टक्के हवी. लॉट अडकला. पेठेतल्या एका व्यापाऱ्याने (नाव घेऊन फुकट जाहिरात कशाला?) गावोगाव उठवलं, ‘त्यांनी दाणे उकडलेत.’ आगाऊ नोंदणीवाले पैसे मागायला दारात, वर बँकेचे हप्ते.

दाणे मेलेले नव्हतेच. उपट्या (उभ्या वाढणाऱ्या) जातींना सुप्तावस्था, म्हणजे काढणीनंतर जिवंत दाण्यानेही काही काळ न उगवणं, जवळजवळ नसते, पसऱ्या-निमपसऱ्यांना असते, एवढं तरी धंद्यातल्या माणसाला ठाऊक हवं. भिजवलेले दाणे टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवले. जिवंत पेशींतली श्वसनाची विकरं (एन्झाइम) त्या बिनरंगी औषधाला लाल करतात. काही तासांत अंकुर डाळिंबी झाला. मग इथ्रेल लावलं. त्यातून इथिलीन सुटतं आणि दाण्याला झोपवून ठेवणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाची पकड ढिली पडते. पुढचं काम दाण्याचंच : लायपेज हे विकर साठवणीतलं तेल फोडतं, त्याची साखर होऊन कोंबाला पोचते. पुढची गुंडाळी पाचव्या दिवशीच पांढऱ्या जाड मुळांनी फुगली होती. लॉट पास झाला, पण घ्यायला कोण येणार?

कोरेगावचे तात्या आले. “जित्तं हाय म्हणता न्हवं? मग द्या.” उधारी नाही, रोख. त्यांचं रान उगवलेलं बघून बाकीचे वळले. तात्यांचं बियाणं आजही आधी बाजूला काढतो.

त्याच वर्षी ऐन काढणीत पाऊस लागला आणि त्या व्यापाऱ्याकडून गेलेल्या उपट्या भुईमुगाला शेंगेतच मोड आले. मी कुठे बोललो नाही. आता लिहितोय तेवढंच.

नंतरची वर्षं बरी गेली.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. बियाणं शेंगेतच ठेवा, ओलावा 9 टक्क्यांच्या आत. सिमेंटच्या खळ्यावर भर उन्हात पसरू नका. शेंगा फोडायच्या त्या पेरणीच्या तोंडावर, आणि यंत्राची जाळी दाण्याच्या मापाची घ्या. लाल साल निघालेला दाणा पेरणीतून काढा, चटणीला चालतो.